पाहणी खेळणाऱ्यांची, जागा कोणाची?

लोकांना विचारल्याखेरीज लोकांविषयीचे निर्णय घेतले जाऊ नयेत, हे तत्त्व समाजवादी चळवळीने आग्रहाने मांडले तेव्हा शहाण्यासुरत्या मंडळींनी त्याची थट्टा केली होती. आज तेच तत्त्व नगरपालिका, सल्लागार कंपन्या, बांधकाम व्यावसायिक आणि आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था अशा सर्वांच्याच तोंडी आहे. कोणताही प्रकल्प असो, त्याच्या अहवालात ‘लाभार्थींची पाहणी’ नावाचे एक प्रकरण असते आणि त्यात रंगीत आलेख असतात. एखाद्या लोकशाही तत्त्वाचा हितसंबंधीयांनी इतक्या आनंदाने स्वीकार केला, म्हणजे त्या तत्त्वातील दात कोणी काढून घेतले याचा शोध घेणे भाग पडते.

हा शोध घेण्यासाठी एक उदाहरण अगदी दूरचे, आणि कार्यकर्त्यांना काहीसे क्षुल्लकही वाटेल असे, निवडण्यात सोय आहे. ते आहे स्केटबोर्डिंगचे. चार छोट्या चाकांच्या लाकडी फळीवर उभे राहून उतार, पायऱ्या व कठडे यांच्यावरून घसरण्याचा हा खेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वाढला आणि टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, त्याला राजमान्यताही मिळाली. पाश्चात्त्य देशांतील एखाद्या नगरपालिकेने या खेळासाठी सार्वजनिक स्केटपार्क बांधावयाचे ठरविले, की बहुधा पहिले पाऊल म्हणून खेळणाऱ्यांच्या हाती प्रश्नावली दिली जाते. वय किती? आठवड्यातून किती वेळा खेळता? खोलगट वाडग्यासारखी रचना हवी, की रस्त्यावरच्यासारख्या पायऱ्या व कठडे? रात्री दिवे हवेत काय? पिण्याच्या पाण्याची सोय? प्रश्न चांगले आहेत. खेळणाऱ्याला जे कळते ते कंत्राटदाराला कळत नाही, आणि खेळणाऱ्यांना न विचारता बांधलेले कितीतरी पार्क ओस पडले आहेत. जागेवर ओतून घडविलेल्या काँक्रीटचा पृष्ठभाग आणि कारखान्यातून सुटे आणून जोडलेले उतार यांतील फरक चाकाखाली लगेच कळतो, निविदेच्या कागदावर तो दिसत नाही. तेव्हा पाहणीच्या विरुद्ध तक्रार नाही. तक्रार आहे ती प्रश्नावलीत जे प्रश्न कधीच नसतात त्यांच्याबद्दल. ही जमीन कोणाची? ती किती वर्षे खेळासाठी राहील याची लेखी हमी आहे काय? पाच वर्षांनी तिच्यावर दुकाने बांधावयाची ठरली तर नकार देण्याचा अधिकार कोणाला?

लंडनच्या साउथबँकवरील प्रकरणात हे न विचारलेले प्रश्न सर्वांसमक्ष उघडे पडले.

थेम्सच्या दक्षिण काठावरील या भूभागाला समाजवादी इतिहास आहे. ॲटलींच्या लेबर सरकारने १९५१ साली येथे ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ भरविला. युद्धाने व रेशनिंगने पिचलेल्या जनतेसाठी तो उत्सव होता. त्याच वर्षाच्या अखेरीस सत्तेवर आलेल्या चर्चिल सरकारने त्यातील बहुतेक वास्तू पाडून टाकल्या. रॉयल फेस्टिव्हल हॉल तेवढा राहिला. त्याच्या शेजारी १९६७ साली क्वीन एलिझाबेथ हॉल उभा राहिला, उघड्या काँक्रीटचा, अनेकांना कुरूप वाटणारा. या सभागृहाच्या खाली खांब, उतरते बांध आणि छप्पर असलेली एक मोकळी जागा उरली. तिचा नेमका उपयोग काय, हे कोणी ठरविलेले नव्हते. १९७३ च्या सुमारास स्केटबोर्ड घेतलेली पोरे तेथे येऊ लागली आणि पुन्हा गेली नाहीत. वर सभागृहात संगीत चाले, खाली चाकांचा खडखडाट. १९८३ साली केन लिव्हिंगस्टन यांच्या नेतृत्वाखालील ग्रेटर लंडन कौन्सिलने फेस्टिव्हल हॉलचे दालन दिवसभर सर्वांना खुले केले. तिकीट असो वा नसो, कोणीही आत येऊन बसावे. थॅचरबाईंनी १९८६ मध्ये ते कौन्सिलच बरखास्त केले आणि हा सारा परिसर निवडून न आलेल्या मंडळाच्या हाती गेला. या तपशिलाकडे कलाप्रेमी लेखक सहसा लक्ष देत नाहीत. परंतु पुढे जे घडले त्याचे मूळ तेथे आहे, कारण निवडून आलेल्या कौन्सिलला मतदाराच्या दारी जावे लागते आणि नियुक्त मंडळाला जावे लागत नाही.

२००५ च्या सुमारास सभागृहाखालील जागेचा मोठा भाग ‘तात्पुरता’ म्हणून बंद करण्यात आला. तो तात्पुरतेपणा पुढे सुमारे पंधरा वर्षे टिकला. त्यानंतर २०१३ साली साउथबँक सेंटरने सुमारे १२ कोटी पौंडांची ‘फेस्टिव्हल विंग’ नावाची पुनर्विकास योजना जाहीर केली. तिच्यात उरलेल्या जागेवर दुकाने व उपाहारगृहे यावयाची होती आणि खेळणाऱ्यांना जवळच्या हंगरफर्ड पुलाखाली हलवावयाचे होते. नवी जागा आकाराने कमी असणार नव्हती, तिच्यासाठी दहा लाख पौंडांची तरतूद सांगितली जात होती, वास्तुरचनाकारांकडून रेखाटने करून घेतली जात होती. आणि खेळणाऱ्यांना आदरपूर्वक विचारले जात होते: या नव्या जागेत तुम्हांला काय काय हवे?

या प्रश्नाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. स्थलांतर करावे की नाही, हे त्यात विचारलेले नाही. ते गृहीत धरलेले आहे. जो कोणी उत्तर देईल, मग ते ‘उतार अधिक तीव्र हवा’ असे असो वा ‘दिवे हवेत’ असे, तो उत्तर देताक्षणीच त्या गृहीताला संमती देऊन बसतो. कितीही उत्तम सांख्यिकी वापरली आणि नमुना कितीही शास्त्रशुद्ध निवडला तरी या दोषाचे निवारण होत नाही, कारण दोष गणितात नाही, प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाकडे आहे यात आहे. घरमालकाने भाडेकरूस ‘सामान सकाळी हलवू की संध्याकाळी’ असे विचारावे आणि त्यास विचारविनिमय म्हणावे, त्यातलाच हा प्रकार.

अमेरिकेतील शेरी आर्नस्टीन या विदुषीने १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात ‘सल्लामसलत’ ही खालून चौथी पायरी आहे. प्रत्यक्ष सत्तेत वाटा मिळतो तो सहाव्या पायरीपासून. काळ्या व गरीब वस्त्यांतील रहिवासी वारंवार होणाऱ्या पाहण्यांना कसे विटले होते, याचीही नोंद तिने त्याच लेखात केली होती. इतकी वर्षे उलटली. चौथ्या पायरीवर आता गालिचा घातला गेला आहे, एवढाच फरक.

साउथबँकच्या खेळणाऱ्यांनी त्या पायरीवर बसण्यास नकार दिला. ही मुले कोणत्याही डाव्या पक्षाची सभासद नव्हती, पण त्यांनी जे केले ते चळवळीच्या अभ्यासवर्गात शिकवावे असे आहे. ‘लाँग लिव्ह साउथबँक’ या नावाने त्यांनी संघटना उभी केली आणि नव्या जागेच्या आराखड्याची चर्चा बाजूस ठेवून एकच भूमिका घेतली: जागा हलणार नाही. खेळाच्या जागेवरच रोज मेज मांडून येणाऱ्याजाणाऱ्यांना सभासद करून घेतले. ही संख्या दीड लाखाच्या वर गेली. नियोजन अर्जावर २७ हजारांहून अधिक हरकती लेखी दाखल झाल्या. लॅम्बेथच्या स्थानिक कौन्सिलकडून त्यांनी ही जागा ‘सामुदायिक मोलाची मालमत्ता’ म्हणून नोंदवून घेतली. इंग्लंडच्या कायद्यात स्थानिक लोकांनी वीस वर्षे हक्काने जेथे खेळ व करमणूक केली, त्या जमिनीस ‘व्हिलेज ग्रीन’ म्हणजे जवळजवळ आपल्याकडील गायरानासारखा दर्जा मागता येतो. शतकांपूर्वीच्या कुरणांसाठी रुजलेली ही कल्पना या पोरांनी काँक्रीटच्या तळघरास लागू करण्याचा दावा मांडला. त्यातील विनोद त्यांनाही कळत असावा. परंतु वहिवाटीतून हक्क निर्माण होतो हे कष्टकऱ्यांचे जुने सूत्र त्यात होते, आणि ते कोणत्याही प्रश्नावलीतून बाहेर आले नसते.

अखेर सप्टेंबर २०१४ मध्ये समझोता झाला. दावे मागे घेण्यात आले आणि नियोजन कायद्याच्या कलम १०६ खालील बंधनकारक करारान्वये ती जागा खेळासाठी दीर्घकाळ राखली गेली. बंद केलेला भाग पुढे संघटना व सेंटर यांनी मिळून निधी उभारून दुरुस्त केला आणि जुलै २०१९ मध्ये तो खुला झाला. कोणता बांध कसा असावा, कोणता कठडा परत आणावा, ही चर्चा खेळणाऱ्यांशी झाली ती तेव्हा, हक्काचा कागद हाती आल्यानंतर. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आता डाव्या गोटातून येणारा एक गंभीर आक्षेप. साउथबँक सेंटर ही काही बिल्डरची कंपनी नव्हे. ती सार्वजनिक कलासंस्था आहे. दुकानांच्या भाड्यातून मुलांच्या कलाशिक्षणासाठी जागा व कार्यक्रम उभे राहणार होते. मग मूठभर, बहुतांशी तरुण पुरुषांच्या, खेळासाठी हजारो मुलांचे नुकसान का करावे? शिवाय या खेळणाऱ्यांच्या बाजूने निर्णायक शब्द टाकला तो कोणी? जानेवारी २०१४ मध्ये लंडनचे तत्कालीन टोरी महापौर बोरिस जॉन्सन यांनी. टोरी ज्याची पाठ थोपटतो त्या आंदोलनात समाजवाद्याने आनंद कसला मानावा?

आक्षेपाचा दुसरा भाग फारसा विचारात घेण्याचे कारण नाही. दीड लाख सभासदांची यादी पाहून हवेची दिशा ओळखणारा राजकारणी टोरी पक्षात असतो तसा इतर पक्षांतही असतो. लॅम्बेथ कौन्सिल लेबर पक्षाच्या ताब्यात असूनही हे श्रेय जॉन्सन यांना का घेता आले, हा प्रश्न लेबरवाल्यांनी स्वतःस विचारावा. पहिला भाग मात्र खरा आहे, म्हणून त्यास खरे उत्तर दिले पाहिजे. २०१० साली सत्तेवर आलेल्या कॅमेरॉन सरकारने त्याच वर्षीच्या खर्चआढाव्यात इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलच्या अनुदानात चार वर्षांत सुमारे तीस टक्क्यांची कपात केली. बँका वाचविण्यासाठी सरकारी तिजोरी मोकळी झाली होती, तिची भरपाई ग्रंथालये, कलासंस्था आणि युवककेंद्रे यांच्याकडून वसूल केली जात होती. कलासंस्थेने मग आपल्या पायाखालची जमीन भाड्याने द्यावयाचे ठरविले. म्हणजे सरकारने केलेल्या कपातीचा बोजा शेवटी कोणाच्या डोक्यावर आला? ज्यांनी त्या जागेसाठी कधी भाडे दिले नव्हते, आणि म्हणून ज्यांचे नाव कोणत्याही ताळेबंदात नव्हते, त्यांच्या. कलाशिक्षण घेणारी मुले विरुद्ध खेळणारी मुले असा हा झगडा मांडणे म्हणजे कपात करणाऱ्यास प्रेक्षकांच्या खुर्चीत बसविणे होय. डाव्या टीकाकारांनी ही मांडणी स्वीकारावी, हे अर्थशास्त्राच्या साध्या विद्यार्थ्यालाही न शोभणारे आहे. फुकट वापरल्या जाणाऱ्या जागेचे मूल्य बाजाराच्या हिशेबात शून्य धरले जाते आणि त्यामुळे तिच्यावर दुकान आले की राष्ट्रीय उत्पन्न वाढले असे दिसते. उत्पन्नाच्या मोजमापाचा हा दोष पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवतात. विद्यार्थी पुढे सल्लागार झाले की तो विसरतात.

या आक्षेपात एक सत्य मात्र शिल्लक राहते आणि ते खेळणाऱ्यांनाही टोचले पाहिजे. पाहणी खेळणाऱ्यांची केली तर उत्तरे खेळणाऱ्यांचीच मिळतात. जी मुलगी मुलांच्या गर्दीला बिचकून फळी घेऊन कधी आलीच नाही, तिचे मत नमुन्यात येत नाही. ज्याच्यापाशी फळीसाठी पैसे नाहीत, त्याचेही नाही. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे की, दीर्घकाळ वंचित राहिलेली माणसे आपल्या इच्छांनाच कात्री लावून घेतात. मग त्यांना ‘काय हवे’ असे विचारले तरी ती फारसे काही मागत नाहीत, आणि पाहणी करणारा ‘मागणी नाही’ असा शेरा मारून मोकळा होतो. मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे खेडे आहे. तेथे २०१५ साली एका जर्मन महिलेच्या पुढाकाराने काँक्रीटचा स्केटपार्क झाला. त्याच्या आदल्या वर्षी गावात पाहणी केली असती तर मागणी शून्य निघाली असती, कारण फळी कोणी पाहिलीच नव्हती. पार्क झाला, ‘मुली आधी’ असा नियम झाला, आणि आदिवासी मुली फळीवर उभ्या राहिल्या. बाहेरच्या दात्याच्या सदिच्छेवर उभ्या राहिलेल्या अशा कामांविषयी वेगळे बरेच बोलता येईल, पण गरज ही आधीपासून मनात तयार बसलेली असते आणि प्रश्नावलीने ती फक्त उचलून घ्यावयाची असते, ही समजूत तरी या उदाहरणाने खोटी ठरते. १९६७ साली लंडनमधील सभागृहाखाली काय हवे, असे कोणी विचारले असते तर कोणीही ‘स्केटबोर्डिंग’ असे सांगितले नसते. अमेरिकेत पोर्टलँड येथे बर्नसाइड पुलाखाली १९९० साली खेळणाऱ्यांनी कोणाची परवानगी न घेता स्वतः काँक्रीट ओतून पार्क बांधावयास घेतला आणि नगरपालिकेने नंतर त्यास मान्यता दिली. तेथे पाहणी झालीच नाही.

याचा अर्थ पाहणी टाकून द्यावी असा काढणारे उतावीळ मित्रही चळवळीत आहेत. त्यांना मार्क्सची आठवण करून देणे आवश्यक आहे. १८८० साली फ्रान्समधील ‘रेव्ह्यू सोशालिस्ट’ साठी मार्क्सने कामगारांकरिता शंभरएक प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. फारच थोडी उत्तरे आली, हे खरे. परंतु त्या प्रश्नावलीच्या अगदी सुरुवातीसच, तुमचा कारखाना एका भांडवलदाराच्या मालकीचा आहे की भागधारक कंपनीच्या, आणि मालकांची नावे काय, असे विचारले आहे. उजेड किती, हवा किती, यंत्राला संरक्षक जाळी आहे काय, हे प्रश्न त्यानंतर येतात. मालकीचा प्रश्न आधी विचारला की पुढच्या साऱ्या उत्तरांचा अर्थ बदलतो, आणि प्रश्नावली भरता भरताच कामगार स्वतःच्या परिस्थितीचा विचार करू लागतो.

महाराष्ट्रात तर याहूनही जवळचा दाखला आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगाने मते मागविली तेव्हा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. शाळांची व्यवस्था कशी असावी एवढ्यावर ते थांबले नाहीत. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरील खर्च वरिष्ठ वर्गाच्या पदरात पडतो, हा हिशेब त्यांनी आयोगासमोर ठेवला आणि बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. विचारलेल्या प्रश्नाच्या चौकटीबाहेर जाऊन कसे उत्तर द्यावे, याचा तो वस्तुपाठ आहे. आजचा सल्लागार असले उत्तर ‘इतर सूचना’ या रकान्यात टाकून देईल.

पाहण्यांची परंपराही महाराष्ट्रात लहान नाही. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या खेड्याचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला. पुढे धनंजयराव गाडगीळ यांच्या गोखले संस्थेने पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. आज पिंपळे सौदागरात इमारतींची रांग पाहून तेथे शेत कोठे होते हे सांगावे लागते. पाहणीने जमीन वाचत नाही. ती वाचविण्याची साधने वेगळी असतात. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींबाबत हे फार महागात शिकावे लागले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने या जमिनींचा सुमारे एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी व तितकाच घरबांधणीसाठी देण्याचे सूत्र घातले होते. २००१ च्या दुरुस्तीने हा वाटा केवळ मोकळ्या जमिनीपुरता मोजण्याचे ठरले आणि तो आकसून गेला. उच्च न्यायालयात २००५ साली मिळालेला विजय २००६ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. गिरणगावातील मुलांना कोणता खेळ आवडतो याची पाहणी त्या काळात शंभर वेळा केली असती, तरी नियमातील त्या एका शब्दावर तिचा काडीचा परिणाम झाला नसता.

अलीकडे पक्षाच्या काही शहरशाखांतून वस्तीतील तरुणांच्या गरजांची पाहणी करण्याचा उत्साह दिसतो. व्यायामशाळा हवी की ग्रंथालय, कबड्डीचे मैदान हवे की स्केटिंगचे, असे छापील तक्ते फिरत आहेत. उत्साह स्वागतार्ह आहे, परंतु तक्त्यात भूखंडाविषयी एकही ओळ नसते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार, विकास आराखड्यात मैदान म्हणून आरक्षित केलेली जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीच्या मुदतीतही संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण संपुष्टात येते. कित्येक मैदाने अशी, कोणतेही आंदोलन न होता, एका टपालातून गेली. तेव्हा तक्ते वाटण्यापूर्वी शाखेने वस्तीतील प्रत्येक आरक्षित भूखंडाचा आरक्षण क्रमांक, आराखडा अंमलात आल्याची तारीख, मालकाची नोटीस आली आहे काय आणि आली असल्यास कोणत्या दिवशी, एवढी माहिती माहितीच्या अधिकाराखाली मागवावी आणि ती मोठ्या अक्षरांत वस्तीच्या फलकावर लावावी. मुलांना काय खेळावयाचे आहे हे त्या फलकासमोर उभे राहून विचारावे आणि त्यांची उत्तरे संपादनाच्या मागणीपत्रास जोडून, पोच घेऊन, आयुक्तांच्या कार्यालयात द्यावीत.